ऱ्हाइनचें ओसरतें पाणी

२०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील काउब या खेड्याचें नांव यूरोपांतील वृत्तपत्रांत दररोज झळकत होतें. गांवची वस्ती हजाराच्याही आंतली. मागें द्राक्षमळ्यांची उतरण, पुढें ऱ्हाइन नदी, आणि नदीच्या पात्रांत एका खडकाळ बेटावर उभा असलेला जुना पांढरा किल्ला. एरव्हीं जहाजावरचे उतारू या गांवाकडे कौतुकानें पाहतात आणि पुढें जातात. परंतु त्या महिन्यांत काउब येथील पाणी मोजण्याच्या पट्टीवरचा आकडा उतरत उतरत ३० सेंटिमीटरच्या घरांत आला. मालवाहू जहाजें आपल्या शक्तीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच माल घेऊन चालूं लागलीं. नदीनदीनें यूरोप पाहावा म्हणून दूरदेशाहून आलेल्या अनेक उतारूंवर जहाज सोडून मोटारबसनें पुढें जाण्याची वेळ आली. ज्यांनीं कित्येक महिने आधीं पैसे भरून ठेवले होते, त्यांना कांठानें धांवणाऱ्या बसच्या खिडकींतून नदी पाहावी लागली.

या उतारूंची निराशा खरी होती. परंतु तिच्यामागें दोनशें वर्षांचा इतिहास आहे. नदी किती बांधावी आणि किती मोकळी ठेवावी, हा प्रश्न यूरोपांतील राजे, व्यापारी, इंजिनियर आणि अलीकडे सामान्य नागरिक यांनीं निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला. पाणी ओसरलें, कीं त्या साऱ्या उत्तरांची परीक्षा एकदम होते.

प्रथम त्या पट्टीचा अर्थ समजून घेतला पाहिजे. काउबला ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे नदी गुडघ्यापर्यंतही उरली नाहीं, असा समज सहज होतो; परंतु तो खरा नव्हे. पट्टीचें शून्य नदीच्या तळाशीं नसतें, तें एका ठराविक उंचीवर धरलेलें असतें. काउब येथें पट्टीवर सुमारें ७८ सेंटिमीटरचा आकडा असतां जहाजांच्या वाटेंत १.९० मीटर पाणी असावें, असा हिशेब आहे. त्या हिशेबानें पट्टी ३० वर आली, कीं वाटेंतील खोली सुमारें १.४० मीटर राहते. हल्लींचें प्रवासी जहाज साधारणपणें दीड मीटर पाण्यांत बुडालेलें असतें. शिवाय उथळ पाण्यांतून जहाज वेगानें गेलें, तर तें आणखी खालीं ओढलें जातें. म्हणून तळाखालीं कांहीं पाणी राखूनच कप्तानाला चालावें लागतें. नदी इतरत्र कितीही खोल असो, सर्वांत उथळ जागीं जितकें पाणी असेल तितक्यावरच साऱ्या प्रवासाचा भार असतो. ती जागा ऱ्हाइनवर काउबजवळ आहे.

ती तेथेंच कां, याचें कारण तेथील भूमींत आहे. आल्प्स पर्वतांतून निघालेली ऱ्हाइन बाझलनंतर उत्तरेकडे वळते आणि पुष्कळ अंतर सपाट खोऱ्यांतून वाहते. बिंगेन या शहरापाशीं तिच्यापुढें डोंगर येतो. हा डोंगर फोडून तिनें जी घळ पाडली आहे, ती बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंत सुमारें ६५ किलोमीटर लांब आहे. दोन्ही बाजूंस उभे कडे, त्यांवर द्राक्षमळे, शिखरांवर भग्न किल्ले, आणि लोरेलायच्या सुळक्याखालीं अरुंद वळण घेणारा वेगवान प्रवाह, असें हें दृश्य आहे. २००२ सालीं युनेस्कोनें या घळीचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत केला. ऱ्हाइनवर येणारा उतारू मुख्यतः याच ६५ किलोमीटरांसाठीं येतो. परंतु ज्या खडकानें हें सौंदर्य घडविलें, तोच खडक नदीच्या तळाशींही पसरलेला आहे. डोळ्यांना जें सुखवितें, तेंच जहाजाला अडवितें. यूरोपांतील नदीप्रवासाच्या अडचणीचें मूळ येथें आहे.

वाफेच्या यंत्रापूर्वीं या घळींतून वर जाणें हें मोठ्या कष्टाचें काम होतें. नावा दोरखंडानें बांधून कांठावरून घोडे त्या ओढीत. बिंगेनपाशीं गारेच्या कठीण खडकाची एक आडवी भिंतच पात्रांत होती. तिच्यांतील अरुंद खिंडाराला बिंगेनचें भोंक असें म्हणत. पाणी उतरलें, कीं तें भोंक नावांना काळासारखें वाटे. निसर्गाच्या या अडथळ्याला मनुष्यानें आपल्या अडथळ्याची जोड दिली होती. काउबच्या बेटावरील किल्ला सुमारें १३२७ सालीं सम्राट लुडविग यानें बांधविला, तो शत्रूशीं लढण्यासाठीं नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्या नावांकडून जकात घेण्यासाठीं. नदीच्या कांठीं असे जकातीचे नाके अनेक होते. कोलोन शहराचा हक्क तर असा होता, कीं तेथें येणाऱ्या व्यापाऱ्यानें आपला माल उतरवून प्रथम तेथील नागरिकांपुढें विक्रीस मांडलाच पाहिजे.

पाणी आटण्याचा अनुभवही नवा नाहीं. १५४० सालीं मध्य यूरोपांत जवळजवळ वर्षभर पावसानें पाठ फिरविली, तेव्हां ऱ्हाइन आणि एल्ब यांसारख्या नद्या कांहीं ठिकाणीं पायीं ओलांडतां येत होत्या, असें तत्कालीन बखरकारांनीं लिहून ठेविलें आहे. एल्ब नदीच्या कांठीं चेक देशांतील देचीन या शहरीं पात्रांत एक मोठा दगड आहे; नदी फार खालीं गेली म्हणजेच तो दिसतो. त्यावर दुष्काळाचीं सालें कोरलेलीं आहेत. स्पष्ट वाचतां येणाऱ्या सालांत १६१६ हें सर्वांत जुनें आहे. मी दिसलों म्हणजे रडा, अशा आशयाचा जर्मन लेखही त्यावर आहे. असल्या दगडांना जर्मन भाषेंत भुकेचे दगड म्हणतात. नदी आटली म्हणजे शेत वाळलें, पाणचक्की थांबली, आणि धान्य घेऊन येणारी नावही अडली. असा तिहेरी घाला त्या काळीं पडत असे. २०१८ सालीं हा दगड पुन्हां उघडा पडला, तेव्हां पाहणाऱ्यांची तेथें गर्दी लोटली. पूर्वीं ज्या दगडानें लोकांच्या पोटांत गोळा उठे, तो आतां छायाचित्रें घेण्याचा विषय झाला, हाही काळाचाच महिमा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ऱ्हाइनचें रूप पालटूं लागलें. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ सालीं व्हिएन्ना येथें जमलेल्या राष्ट्रांनीं ऱ्हाइनवरील वाहतुकीसाठीं एक मध्यवर्ती मंडळ नेमण्याचें ठरविलें. १८३१ सालीं माइन्झ येथील करारानें कोलोनचा तो जुना हक्क गेला, आणि १८६८ सालीं मानहाइमच्या करारानें नदीवरील वाहतूक जकातींतून मोकळी झाली. तें मंडळ आजही स्ट्रासबूर्ग येथें काम करीत आहे. नदी ही कोणा एका राजाची मिळकत नसून सर्वांची वाट आहे, हें तत्त्व यूरोपानें या नदीवर प्रथम गिरविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याच वेळीं वाफेचें यंत्रही आलें. १८१६ सालच्या जूनमध्यें एक इंग्रजी आगबोट कोलोनपर्यंत आली, आणि १८२७ मध्यें कोलोन व माइन्झ यांच्यामध्यें उतारूंची नियमित ने-आण सुरू झाली. ज्या सालीं पहिली आगबोट आली, त्याच सालीं कवि बायरन ऱ्हाइनच्या कांठानें गेला, आणि त्याच्या काव्यानें इंग्रज वाचकांना या घळीचें वेड लागलें. पुढच्याच वर्षीं चित्रकार टर्नर यानें येथें प्रवास करून जलरंगांतील चित्रांची एक मालिका तयार केली. १८२८ सालीं माइन्झ ते कोलोन या प्रवासाचें एक मार्गदर्शक पुस्तक कोब्लेन्झ येथें प्रसिद्ध झालें. कार्ल बेडेकर या प्रकाशकानें तें विकत घेऊन १८३५ मध्यें सुधारून काढलें, आणि त्यांतूनच त्याच्या जगप्रसिद्ध प्रवासमालेचा पाया घातला गेला. १८५५ सालीं टॉमस कुक यानें इंग्लंडांतील उतारूंना यूरोपखंडांत आणलें, तेव्हां त्या सफरींतही ऱ्हाइन होतीच. अशा रीतीनें काव्य, चित्र, पुस्तक आणि आगबोट या चौघांनीं मिळून आजच्या नदीपर्यटनाला जन्म दिला. उतारूंना हवी होती ती रानटी, खळाळणारी, कड्यांना धडका देणारी नदी. ती मात्र ठरल्या वेळीं, ठरल्या धक्क्यावर, न चुकतां पोंचविणारी हवी होती. या दोन इच्छांचा मेळ बसविण्याचें काम इंजिनियरांच्या वाट्यास आलें.

त्या इंजिनियरांत योहान गॉटफ्रीट टुल्ला याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. बाझलच्या उत्तरेस सपाट खोऱ्यांत ऱ्हाइन त्या काळीं शेंकडों फांट्यांनीं, बेटांनीं आणि वळणांनीं पसरलेली होती. पूर आला, कीं गांवेंच्या गांवें वाहून जात. पूर ओसरला, कीं डबक्यांतून हिंवताप पसरे. टुल्लानें वळणें कापून नदीला एकच सरळ पात्र देण्याची योजना आखली. १८१७ सालीं काम सुरू झालें तेव्हां कांहीं गांवकऱ्यांनीं त्यास विरोध केला, आणि खोदणाऱ्यांच्या रक्षणासाठीं सैनिक ठेवावे लागले. टुल्ला १८२८ सालीं वारला. काम मात्र १८७६ पर्यंत चाललें. त्यानें नदीची लांबी सुमारें ८१ किलोमीटरनीं कमी झाली. पुरापासून गांवें बचावलीं, शेतीला जमीन मिळाली, हिंवताप हटला. हे लाभ लहान नव्हेत.

परंतु आंखूड झालेली नदी अधिक वेगानें वाहूं लागली, आणि वेगवान पाणी आपला तळ खरवडूं लागलें. बाझलच्या खालच्या अंगास कांहीं ठिकाणीं पात्र कित्येक मीटर खोल गेलें. कांठची जमीन कोरडी पडली, विहिरींचें पाणी खालीं गेलें, आणि तळचा खडक उघडा पडून जहाजांस नवाच अडथळा निर्माण झाला. त्याला उपाय म्हणून फ्रान्सनें नदीशेजारीं कालवा काढून बंधारे घातले. त्यांतील पहिला केंब्स येथील बंधारा १९३२ सालीं पुरा झाला. १९७७ पर्यंत बाझल आणि इफेत्सहाइम यांच्या दरम्यान अशा दहा बंधाऱ्यांची रांग उभी राहिली. प्रत्येक बंधाऱ्यापाशीं दोन्ही टोकांस दारें असलेला एक प्रचंड हौद असतो. जहाज हौदांत शिरलें, कीं दार लागतें, पाणी भरतें किंवा सोडलें जातें, आणि जहाज जिन्याची पायरी चढावी किंवा उतरावी तसें वर-खालीं होतें. अशा जिन्यांत पाणी अडवून धरलेलें असल्यामुळें उन्हाळा कितीही कडक पडला, तरी जहाजापुरती खोली बहुधा टिकते.

मोझेल नदीची हकीकत याच प्रकारची आहे. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनीं १९५६ सालीं करार केला, आणि १९६४ मध्यें ती नदी बंधाऱ्यांच्या जिन्यांत रूपांतरित होऊन मोठ्या जहाजांना खुली झाली. माइन आणि नेकार या नद्याही अशाच बांधलेल्या आहेत. म्हणून ऱ्हाइनवर जहाजें अडतात तेव्हां मोझेलवरील जहाजें चालूं असतात. दोन्ही नद्या एकाच आभाळाखालीं आहेत. दोन्हींवर सारखाच दुष्काळ असतो. फरक मनुष्यानें केलेल्या बांधणीचा आहे.

मग काउबच्या घळींत असे बंधारे कां घातले नाहींत? तेथें खडक फोडण्यावरच भर राहिला. बिंगेनचें भोंक प्रशियाच्या सरकारनें १८३० ते १८३२ या काळांत सुरुंग लावून रुंद केलें. १९६६ ते १९७४ या काळांत पुन्हां खडक काढून जहाजांची वाट १२० मीटर रुंद करण्यांत आली. त्यानंतर तेथील बेटावरच्या उंदीर-मनोऱ्यावरून जहाजांना खुणा देण्याची गरजही संपली. परंतु पाणी मात्र मोकळेंच राहिलें. बंधारा घातला असता, तर खळाळ थांबून घळीचें तळें झालें असतें. ज्या दृश्यासाठीं दोनशें वर्षें लोक येत आहेत, तेंच पालटलें असतें. इफेत्सहाइमच्या खालीं जर्मनींत ऱ्हाइनला आज एकही बंधारा आडवा नाहीं. २०१८ आणि २०२२ सालीं पाणी उतरलें तेव्हां लोक त्याच उंदीर-मनोऱ्यापर्यंत कोरड्या पायांनीं चालत गेले.

महाराष्ट्रांतील श्रोत्याला नदी आटण्यांत नवल वाटणार नाहीं. गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्या श्रावणांत दुथडी भरतात आणि वैशाखांत वाळवंट उघडें पाडतात. ऱ्हाइनचा स्वभाव असा नव्हता. तिला दोन बाजूंनीं पाणी मिळतें. हिवाळ्यांत आल्प्समधील पाणी बर्फ होऊन थिजतें, तेव्हां मैदानी मुलखांतील पाऊस तिला पोसतो. उन्हाळ्यांत मैदानांतील पाण्याची वाफ होते, तेव्हां पर्वतावरील बर्फ वितळून तिला पोसतें. वाटेंत कॉन्स्टन्सचें विस्तीर्ण सरोवर हें पाणी सांठवून सावकाश सोडतें. या दुहेरी पोषणामुळेंच ऱ्हाइन ही यूरोपांतील सर्वांत भरंवशाची जलवाट ठरली. मात्र उन्हाळा कोरडा गेला, पर्वतावरील बर्फ लौकर संपलें आणि शरद ऋतूचा पाऊसही लांबला, तर दोन्ही हात एकदम आखडतात. २००३ सालीं असें झालें. २०१८ सालीं पाऊस इतका लांबला, कीं २२ ऑक्टोबर रोजीं काउबची पट्टी २५ सेंटिमीटरवर आली. इतका खालचा आकडा त्यापूर्वीं तेथें कधीं नोंदला गेला नव्हता. पृथ्वीचें उष्णतामान वाढत असल्यामुळें आल्प्समधील हिमनद्याही झपाट्यानें क्षीण होत आहेत. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनीं २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपला सुमारें दहावा हिस्सा गमावला. कोरड्या उन्हाळ्यांत उपयोगी पडणारी जुनी शिल्लक अशी खर्ची पडत आहे.

डॅन्यूब नदीवर हाच प्रश्न अधिक तीव्र रूपानें पुढें आला. सर्बिया आणि रुमानिया यांच्यामध्यें लोहद्वार नांवाची एक भयंकर घळ आहे. तेथें १८९६ सालीं सम्राट फ्रान्स जोझेफ याच्या उपस्थितींत एक कालवा खुला झाला. परंतु त्यांतील प्रवाह इतका जोराचा होता, कीं पुढें जहाजें वर ओढण्यासाठीं कांठावर आगगाडीचें इंजिन ठेवावें लागलें. १९७२ मध्यें तेथें मोठें धरण झालें. वाट खोल आणि शांत झाली, परंतु आदा-काले हें तुर्की वस्तीचें बेट कायमचें पाण्याखालीं गेलें. जहाजाच्या सोयीची किंमत अशा रीतीनें एका गांवानें दिली.

पुढें लोक ही किंमत देण्यास तयार होईनात. व्हिएन्नाच्या पूर्वेस हाइनबुर्ग येथें धरणासाठीं नदीकांठचें अरण्य तोडण्याचें ठरलें, तेव्हां १९८४ सालच्या डिसेंबरांत हजारों नागरिक कडाक्याच्या थंडींत त्या अरण्यांत जाऊन बसले. सरकारला काम थांबवावें लागलें, आणि १९९६ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें. हंगेरींत नाजमारोश येथें धरण बांधण्याचा करार १९७७ मध्यें चेकोस्लोव्हाकियाशीं झाला होता. त्याविरुद्ध नागरिकांनीं चळवळ उभारली. ज्या देशांत सरकारविरुद्ध बोलणें धोक्याचें होतें, त्या देशांत नदीच्या निमित्तानें लोक बोलूं लागले. १९८९ मध्यें हंगेरीनें तें काम सोडून दिलें. हा वाद पुढें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९७ सालीं त्याचा निकाल लागला. जर्मनींतही श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारें ७० किलोमीटरच्या मोकळ्या भागांत बंधारा घालावयाचा कीं नाहीं, यावर दीर्घ वाद झाला, आणि बव्हेरियाच्या सरकारनें २०१२-१३ मध्यें बंधाऱ्याच्या विरुद्ध कौल दिला.

आज डॅन्यूबवर पर्यटकांचीं जहाजें प्रामुख्यानें कोठें अडतात, हें नकाशावर पाहिलें, तर श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा भाग आणि बुडापेस्टच्या वरचा हंगेरीचा भाग हीं नांवें पुढें येतात. म्हणजे ज्या ठिकाणीं लोकांनीं नदीला मोकळें ठेवण्याचें ठरविलें, त्याच ठिकाणीं तिचें उणें पाणी जहाजांना नडतें. हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हे. मासे, पक्षी, कांठचीं अरण्यें आणि विहिरी यांच्यासाठीं समाजानें जाणूनबुजून पत्करलेली ती अडचण आहे.

या इतिहासांत १९९२ सालाला विशेष महत्त्व आहे. माइन आणि डॅन्यूब या नद्या जोडण्याचें स्वप्न फार जुनें. शार्लमेन राजानें ७९३ सालीं त्यासाठीं खोदकामही आरंभिलें होतें. तें स्वप्न १९९२ च्या सप्टेंबरांत साकार झालें. १७१ किलोमीटरच्या त्या कालव्यानें उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत एकच जलवाट तयार झाली. त्यानंतर आम्स्टरडॅमहून बुडापेस्टपर्यंत एकाच जहाजानें जाण्याची सोय झाली, आणि नदीपर्यटनाचा धंदा भराभर वाढला. हौदांत मावतील अशा बेतानें जहाजें सुमारें ११.४ मीटर रुंद आणि १३५ मीटरपर्यंत लांब बांधलीं जाऊं लागलीं. एकेका जहाजांत दीडशें ते दोनशें उतारूंच्या राहण्या-जेवण्याची सोय असते. अशा जहाजाला दोन शत्रू आहेत. पाणी फार वाढलें, तर तें पुलाखालून जाऊं शकत नाहीं. फार उतरलें, तर तळ खडकाला लागतो. १८२७ च्या आगबोटींतून कोलोनहून माइन्झला जाणारा उतारू वाटेंत अडलाच, तर गांवांत उतरून घोडागाडी करी. आजचा उतारू आपलें सारें घरच जहाजांत ठेवून निघालेला असतो. म्हणून जहाज अडलें, कीं त्याची सफरच मोडते.

यावर कंपन्यांनीं एक युक्ति काढली आहे. एकाच बनावटीचीं दोन जहाजें उलट दिशांनीं निघतात. उथळ भागाच्या अलीकडे एक थांबतें, पलीकडे दुसरें. उतारूंना बसनें मधला भाग ओलांडून नेतात, आणि पलीकडच्या जहाजांत त्याच क्रमांकाची, तशीच खोली त्यांना मिळते. पहिलें जहाज तेथूनच माघारीं फिरतें. मध्ययुगीन व्यापारी धोक्याच्या जागीं माल उतरवून कांठानें नेत आणि पुढें पुन्हां नावेंत भरीत, त्याचेंच हें नवें रूप होय. कधीं कधीं मात्र जहाज एकाच धक्क्यावर खानावळीसारखें उभें राहतें आणि रोज बसनें फिरावें लागतें. प्रवासाच्या करारांत पाण्याप्रमाणें मार्ग बदलण्याचा अधिकार कंपन्या सामान्यतः राखून ठेवतात. त्या बारीक अक्षरांकडे उतारूचें लक्ष बहुधा घरीं परतल्यावर जातें.

झळ केवळ हौशी प्रवाशांनाच लागते असें नाहीं. कोळसा, तेल, धान्य, रसायनें यांची मोठी वाहतूक याच वाटेनें होते. २०१८ सालीं लुडविगसहाफेन येथील बी. ए. एस. एफ. या प्रचंड रसायन-कारखान्याला कच्चा माल मिळेना, म्हणून उत्पादन कमी करावें लागलें. काउबला महिनाभर पाणी कमी राहिलें, तर जर्मनीचें औद्योगिक उत्पादन सुमारें एक टक्क्यानें घटतें, असा अंदाज कील येथील अर्थशास्त्राच्या संस्थेनें केला आहे.

आतां दोन मार्ग पुढें आहेत. एक, नदीला जहाजाजोगी करणें. जर्मन सरकारच्या २०३० पर्यंतच्या वाहतूक-योजनेंत काउबच्या परिसरांतील वाटेची खोली १.९० मीटरवरून २.१० मीटर करण्याचा समावेश आहे. वाढ अवघी २० सेंटिमीटरची, एका वितीएवढी. परंतु तेवढ्यानेंही मोठें मालवाहू जहाज पुष्कळ अधिक माल नेऊं शकतें. दुसरा मार्ग म्हणजे जहाजाला नदीजोगें करणें. २०१८ चा अनुभव घेतल्यावर त्या रसायन-कारखान्यासाठीं एक रुंद आणि हलकें जहाज बांधण्यांत आलें. २०२३ सालीं तें चालूं झालें. पट्टी ३० वर असतांही ८०० टन माल घेऊन तें काउब ओलांडूं शकेल, अशी त्याची रचना आहे. प्रवासाच्या क्षेत्रांत एका फ्रेंच कंपनीनें २०१६ मध्यें एल्ब नदीसाठीं ‘एल्ब प्रिन्सेस’ नांवाचें जहाज काढलें. त्याला पंख्याऐवजीं चाकें आहेत. चाक पाण्याच्या वरच्या थरांतच फिरत असल्यामुळें जहाजाला खोल पाणी लागत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं ऱ्हाइनवर आलेल्या पहिल्या आगबोटी चाकांवरच चालत होत्या. उथळ नदीनें एकविसाव्या शतकांतील इंजिनियराला पुन्हां त्या आजोबांच्या यंत्राकडे वळविलें.

या दोन मार्गांपैकीं कोणता निवडावा, हें केवळ जहाजवाल्यांनीं ठरवावयाचें नाहीं. टुल्लाच्या काळीं नदी म्हणजे वश करावयाचा शत्रू होता, आणि पुरांत घरदार गमावणाऱ्यांच्या दृष्टीनें तें खोटेंही नव्हतें. १९८४ च्या हिवाळ्यांत हाइनबुर्गच्या अरण्यांत बसलेल्या तरुणांना ती शेजारीण वाटली, आणि हंगेरींतील लोकांना ती आपल्या मोकळ्या वाणीची सोबतीण वाटली. उतारूला मात्र ती एकाच वेळीं रानटी आणि आज्ञाधारक हवी असते. पावसाच्या वर्षीं हें दोन्ही साधतें. कोरड्या वर्षीं त्यांपैकीं एकच साधतें.

काउबच्या पट्टीवरचा आकडा आतां कोणालाही घरबसल्या पाहतां येतो. मुंबई-पुण्याहून या सफरीस निघणाऱ्या कुटुंबांनींही तो पाहून ठेवणें शहाणपणाचें. मे-जूनमध्यें आल्प्सचें बर्फ वितळत असतें, तेव्हां बहुधा पाणी भरपूर असतें. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तें उतरण्याचा संभव अधिक. तरीही जहाज अडलेंच आणि बसमध्यें बसण्याची वेळ आलीच, तर खिडकींतून त्या उघड्या पडलेल्या काळ्या खडकांकडे एकवार नीट पाहावें. एरव्हीं ते पाण्याखालीं असतात आणि जहाजाचा उतारू त्यांच्यावरून नकळत निघून जातो. ऱ्हाइनचें सौंदर्य, तिच्यावरील जुन्या नावाड्यांचें भय आणि आजच्या कप्तानाची चिंता हीं तिन्ही त्या खडकांतूनच आलीं आहेत.